मामाचे कान

माझ्या धाकट्या भावाला नीट ऐकू येत नाही, ही गोष्ट गेले तीन आठवडे माझ्या डोक्यातून जात नाही. बावन्नाव्या वर्षी कान मंदावले म्हणून काही आभाळ कोसळत नाही. आमच्या वडिलांना पन्नाशीतच अर्धं ऐकू येईनासं झालं होतं, आणि उरलेलं अर्धं ऐकूनही ते न ऐकल्यासारखं करत. पण माझा भाऊ महिन्यातून दोन रविवार पंधरा-वीस माणसांना जंगलातल्या एका धबधब्यावर घेऊन जातो. तिथे ती सगळी माणसं त्याच्या कानांच्या भरवशावर पाण्याजवळ बसतात. उद्या जाणाऱ्यांत माझी लेकही आहे.

लोक त्याला मामा म्हणतात. माझ्या लेकीचा तो सख्खा मामा. ती सगळ्यांसमोर मामा, मामा करायला लागली आणि बघता बघता तो जगाचा मामा झाला. "लोक एकमेकांना मामा बनवतात, मला मात्र सगळ्यांनी मिळून बनवलंय," असं तो म्हणतो आणि दर वेळी नव्याने हसतो. घरी मी त्याला बारक्या म्हणते. हे नाव पडलं तेव्हा तो काडीसारखा होता. आता आमच्या दारातून आत येताना त्याला खांदे तिरके करावे लागतात, पण नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नाही.

सोमवार ते शनिवार तो खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या बनवतो. फाटकं, जिन्यांचे कठडे, दुकानांचे सरकते दरवाजे हेही. पत्र्याचं छप्पर, तिन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती आणि पुढे रस्ता, असं त्याचं वर्कशॉप आहे. लोखंड कापायला ग्राइंडर लागला की तो आवाज पत्र्यावर आपटून परत आत येतो आणि दातांत शिवशिवतो. हे अठ्ठावीस वर्षं चाललंय. कानांवर लावायची झापडं आहेत, पण ती खिळ्याला टांगलेली. त्यांच्यावरच्या धुळीत बोटाने सही करता येईल. मी एकदा बोलले तर म्हणाला, "ती लावली तर गिऱ्हाइकाचं ऐकू कसं येणार?"

धबधबा त्याला चौदाव्या वर्षी सापडला. आठवीत नापास झाल्याचा निकाल खिशात घालून तो घरातून निघून गेला होता. दोन दिवस घरात चूल पेटली नाही. तो कुठल्या दिशेला गेलाय हे फक्त मला ठाऊक होतं, कारण जाताना त्याने ते मला सांगितलं होतं आणि सांगू नकोस अशी शपथ घातली होती. दुसऱ्या रात्री मी आईचं तोंड बघितलं आणि वडिलांना सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी वडील त्याला कानाला धरून घेऊन आले. पुढे महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. बोलायला लागला तेव्हा पहिल्यांदा त्याने निकालाबद्दल काही सांगितलं नाही, माराबद्दलही नाही. जंगलात भेटलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाबद्दल सांगितलं. तो म्हातारा म्हणे पाण्यापाशी पोचला की आधी काठी आडवी टाकून नुसता बसे. याने घाईघाईने पाण्यात उडी मारायला सदरा काढला, तर त्याने काठीने याचा पाय अडवला. "बस आधी. ऐक. घाई पाण्याला असते, आपल्याला नसते."

त्या बसण्यावर माझ्या भावाचा पुढचा सगळा रविवारचा संसार उभा आहे.

धबधबा खरंच आडजागी आहे. शेवटच्या वस्तीपाशी गाडी सोडायची, मग दोन तास जंगलातून चालायचं. फोन लागत नाही. शेवटी एक ओढा दगडादगडांवरून ओलांडायचा. पलीकडे सपाट, रुंद खडक आहे आणि समोर धबधबा. तो दोन टप्प्यांत पडतो. वरचा टप्पा डोंगराच्या वळणामागे आहे, तो दिसत नाही. दिसतो तो खालचा, आणि फोटोत येतो तोही खालचाच. मागे लांब कुठे पाऊस झाला आणि पाणी वाढत आलं, तर ते आधी वरच्या टप्प्यात येतं आणि तिथले दगड हलायला लागतात. "डोळ्यांना वळणापलीकडचं दिसत नाही. कानांना दिसतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याचे नियम लेकीने मला इतक्या वेळा ऐकवलेत की मी झोपेतही म्हणू शकेन. डोंगरावर दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर जायचंच नाही. बारा वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग धबधबा शंभर पावलांवर का असेना. धबधब्याच्या खाली उभं राहायचं नाही, कारण वरून फक्त पाणीच पडतं असं कोणी सांगितलं? ओढा ओलांडताना पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा: "पडलास तर पिशवी वाहू दे, तू राहा." एकाला बरं वाटेना झालं की सगळ्यांनी परत फिरायचं, कुरकुर नाही. पुढे मामा आणि सगळ्यात शेवटी माझी लेक. तिला तो शेपूट म्हणतो. शेपटीच्या मागे कोणी राहता कामा नये. निघण्याआधी माणसांच्या नावांची यादी वहिनीकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे, ठेवलेली असते. संध्याकाळी सातपर्यंत त्याचा निरोप आला नाही तर कोणाला कळवायचं, ते यादीखाली लिहिलेलं असतं.

आणि शेवटचा नियम, ज्याच्यासाठी लोक त्याच्याकडे येतात. खडकावर पोचल्यावर दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. मामा डोळे मिटून पाणी ऐकतो. त्याने मान हलवली की बाकीच्यांनी काठाशी, घोट्याएवढ्या पाण्यात जायचं. नाही हलवली तर आल्या वाटेने परत. सव्वीस वर्षांत त्याच्याबरोबर गेलेल्या कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालेलं नाही.

तीन रविवारांपूर्वी लेकीने माझ्या मागे लकडा लावला. "आई, तू घरी बसून काळजी करतेस, त्यापेक्षा एकदा येऊन बघ. मग घरी बसून माहितीपूर्वक काळजी कर." म्हणून गेले. सोळा जण होतो. मी गुडघे धरत, झाडं धरत चालत होते. भाऊ पुढून ओरडला, "ताई, झाडं परत जागेवर ठेव गं!" लोक हसले. बँकेत काम करणारा एक तरुण वाटेत दर दहा पावलांवर फोन उंच धरून उभा राहत होता. एका निसरड्या कड्यावर जाऊन म्हणाला, "मामा, फक्त एक फोटो."

"काढ की," भाऊ म्हणाला. "चांगला मोठा काढ. तुझ्या आईला भिंतीवर लावायला लागेल."

तो पोरगा निमूट खाली उतरला. मला माझ्या भावाचा इतका अभिमान वाटला की सांगायची सोय नाही. वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक त्याला ‘अहो, माप अर्ध्या इंचाने चुकलंय’ म्हणून झापतं तेव्हा हा माणूस मान खाली घालून उभा असतो. इथे त्याच्या एका बोटावर सोळा माणसं थांबत होती, चालत होती.

आम्ही ओढा ओलांडून खडकावर पोचलो आणि गप्प बसलो. डोक्यावर आभाळ निळंशार. मला काही डोळे मिटून बसता येत नाही, म्हणून मी इकडेतिकडे बघत होते. पाच-सहा मिनिटं झाली असतील. धबधब्याच्या आवाजाच्या पोटात मला दुसरा एक आवाज आला. वरच्या मजल्यावर कोणी जड कपाट सरकवावं तसा. थांबला, पुन्हा आला. मी भावाकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले, चेहरा शांत. बाकीचे सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. पुन्हा कपाट सरकलं, या वेळी जास्त लांबपर्यंत. आणि माझ्या भावाने डोळे उघडून मान हलवली.

मी उठून त्याचा दंड धरला. "बारक्या, मला चक्कर येतेय. मला परत जायचंय. आत्ता."

त्याने एक क्षण माझ्याकडे बघितलं. पण नियम म्हणजे नियम. "चला, उठा! ताईला बरं नाही. पट्टे सोडा, एकेक जण!" बँकवाला पोरगा तेवढा पुटपुटला, "इतकं चालून आलो ते हात न लावता परत जायला?" शेवटून दुसरी मी आणि शेवटी लेक अशा आम्ही दोघी ओढ्याबाहेर आलो, तेव्हा पाणी चहासारखं झालं होतं. आम्ही वरच्या चढावर पोचून मागे वळून बघितलं तर ज्या दगडांवरून आलो होतो ते दिसत नव्हते. सपाट खडकावरून पाणी वाहत होतं आणि त्यातून झाडाची एक अख्खी फांदी गरगरत गेली.

मग बँकवाल्यानेच टाळी वाजवली. "मामा, मानलं तुम्हाला! ताईंचं निमित्त केलंत, पण तुम्हाला आधीच कळलं होतं ना?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघितलंस ना आई? मामाचे कान!"

चार दिवसांनी, गुरुवारी, मी वर्कशॉपमध्ये गेले. तो पाठमोरा बसून एका जाळीवर खडूने खुणा करत होता. मी हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी समोरच्या कारागिराने हनुवटीने माझ्याकडे खूण केली, तेव्हा वळला.

"ताई! अशी अचानक? घरी सगळं ठीक?"

"दोनदा हाक मारली तुला."

"ग्राइंडर चालू होता ना."

"ग्राइंडर बंद आहे, बारक्या."

त्याने वळून ग्राइंडरकडे बघितलं. तो खरंच बंद होता, वायर गुंडाळून फळीवर ठेवलेला. मग त्याने दोन्ही कारागिरांना चहा आणायला पाठवलं. एक चहा आणायला दोन माणसं कशाला, असं त्यांच्यापैकी कोणी विचारलं नाही. आम्ही रंगाच्या रिकाम्या डब्यांवर बसलो.

"तुला त्या दिवशी चक्कर आली नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"वाटलंच. चक्कर आली की तू आधी काहीतरी धरून खाली बसतेस. उठून माझ्याकडे चालत येत नाहीस."

"कधीपासून आहे हे?"

"दोन वर्षं. आधी पक्षी गेले. मला वाटलं, या वर्षी कमी आलेत. मग दारावरची बेल." त्याने बोटाने नखावरचा रंग खरवडला. "पाण्याचा आवाज येतो गं मला. पण सगळा एकच येतो. आधी त्यात वेगवेगळं ऐकू यायचं, दगडाचं, वाळूचं, पाल्याचं. आता सगळं एकत्र कालवल्यासारखं. डोळे मिटून बसलो की छान झोप येईल असं."

"वहिनीला माहीत आहे?"

"तिला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही. तेच बरं आहे."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. "डॉक्टरला दाखवलंस का?"

"दाखवलं. यंत्र लावा म्हणाले. लावून बघितलं दुकानात. त्यात ग्राइंडरही मोठा, रस्ताही मोठा. धबधब्यापाशी काय होईल? आणि कानात यंत्र घातलेल्या माणसामागे ओढ्यात कोण उतरेल, ताई? तू उतरशील?"

"मग थांब. पुष्कळ केलंस."

समोर भिंतीला टेकवलेल्या जाळ्या होत्या, एकसारख्या चौकटींच्या, कोणाच्या तरी घराच्या. तो त्यांच्याकडे बघत होता. "एवढी पुढची खेप होऊ दे," शेवटी म्हणाला. "माणसं ठरलीत. आभाळ बघूनच जाईन. मग बघू काय ते." आणि मग हसत, पण माझ्याकडे न बघता, "पोरीला सांगणार नाहीस ना? लहानपणी सांगितलं होतंस."

तेवढ्यात चहा आला. मी चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि घरी आले. माझं गप्प राहणं त्याने हो समजलं, आणि मी समजू दिलं.

तेव्हापासून मी स्वतःशी भांडतेय. कधी वाटतं, सव्वीस वर्षं ज्याने कोणाला काही होऊ दिलं नाही त्याला मी काय शिकवणार? हवामान कोरडं आहे असं सगळीकडे सांगताहेत. पण त्या दिवशीही आभाळ निळंच होतं. कधी वाटतं, सकाळी पोटात कळ आल्याचं सोंग करावं आणि लेकीला घरी ठेवून घ्यावं. ती राहील. माझ्यासाठी ती नेहमीच राहते. पण मग बाकीच्यांचं काय? तेरा जण जाणार आहेत, त्या तेरा जणांच्याही आया कुठेतरी दिवे मालवून पडल्या असतील. त्यांना तर हेही ठाऊक नाही की कशाची काळजी करायची. आणि शेपूट नसेल तर माझ्या भावाच्या मागे कोणीच नसेल.

आज जेवताना मी लेकीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दहा मिनिटांत तू काय ऐकतेस गं?"

"मी?" तिने घास तसाच हातात धरला. "मी कुठे काय ऐकते? ऐकतो तो मामा. मी मामाकडे बघते."

"आणि बाकीचे?"

"सगळे मामाकडेच बघतात, आई. त्याचा चेहरा काय सुंदर होतो माहितेय तेव्हा!"

म्हाताऱ्या मेंढपाळाने त्याला सांगितलं होतं, बस आणि ऐक. त्याने ते लोकांना सांगितलं, वर्षानुवर्षं सांगितलं, आणि लोक शिकले ते एवढंच की गप्प बसायचं आणि मामाचं तोंड बघायचं. सोळा माणसं होतो आम्ही तिथे, बत्तीस कान. दगड ऐकला तो मी एकटीने, कारण मी पहिल्यांदाच गेले होते आणि मला कुठे बघायचं ते कळत नव्हतं.

म्हणून वाटतं, त्याने जाणं थांबवायलाच हवं असं नाही. कुठल्या दगडावर पाय द्यायचा, कधी परत फिरायचं, पाणी चढलं तर कुठल्या बाजूने वर जायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे आणि डोकं शाबूत आहे. कपाट सरकल्यासारखा आवाज म्हणजे काय, हे तो कोणालाही पाच मिनिटांत शिकवेल. पण त्यासाठी आधी त्याला सकाळी गाडीपाशी उभं राहून म्हणावं लागेल, की मला कमी ऐकू येतं, आज तुम्ही ऐकायचं आणि मला सांगायचं. ते ऐकून कोणी घरी परत गेलं तर जाऊ दे. सगळेच गेले तर मग थांबणं आलंच. एवढं एक वाक्य. कड्यावरून उतरायला न घाबरणारा माझा भाऊ या वाक्याला दोन वर्षं घाबरतोय. आणि गुरुवारी रंगाच्या डब्यावर बसून मीही घाबरले, नाहीतर तेव्हाच म्हणाले असते.

ते पाच वाजता निघतील. शेवटच्या वस्तीनंतर फोन लागत नाही, म्हणजे मला जे बोलायचं ते त्याआधी. सकाळच्या घाईत तो माझं ऐकून न ऐकल्यासारखं करेल, त्यात तो आता वडिलांच्या वर गेलाय. आत्ता पावणेएक वाजलाय. फोन वहिनी उचलेल. दोन वर्षांत त्याने स्वतः माझा फोन उचलल्याचं मला आठवत नाही, आणि का, ते मला आज कळतंय. वहिनीला सांगेन, त्याला उठव, दिवा लाव, तुझं तोंड त्याला दिसेल असं समोर बस. मी एकेक वाक्य सांगते, ते तू त्याला सांग. म्हणजे तिलाही हे आज माझ्याकडूनच कळणार. त्याने नाही म्हटलं तर सांगेन की पाच वाजता मी गाडीपाशी येतेय आणि तुझ्यासमोर, सगळ्यांना, मीच सांगणार आहे.

एवढ्या रात्री माझा आवाज ऐकून वहिनी घाबरेल. पहिला प्रश्न विचारेल, "ताई, काय झालं?" काही झालेलं नाही, म्हणेन. काही व्हायच्या आत फोन केलाय.

नंबर लावतेय.